प्रस्तावना : पक्षाघातानंतरचे मन

अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना २ ऑक्टोबर १९१९ रोजी पक्षाघाताचा मोठा झटका आला. इजा मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात झाली आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. वाचा मात्र शाबूत होती. भेटीला आलेल्या सिनेटरांशी ते नीट बोलले, वर एखादा विनोदही करून गेले. अध्यक्षांचे डोके ठिकाणावर आहे, हे जगाला पटायला तेवढे पुरले. आतल्या गोटात दिसत होते ते निराळे. त्यांचे लक्ष फार वेळ टिकत नसे, मध्येच रडू कोसळे, तडजोडीचा विषय निघाला की ते जास्तच ताठर होत. आपण किती आजारी आहोत हे त्यांना स्वतःला पुरते उमगलेले नव्हते. १९२०मध्ये तिसऱ्यांदा उमेदवारी मिळेल अशी आशा ते धरून होते. कोणता कागद त्यांच्यापर्यंत जायचा, हे पत्नी एडिथ ठरवत. ज्या राष्ट्रसंघासाठी विल्सन यांनी जिवाचे रान केले होते, त्याचा करार सिनेटने दोनदा नामंजूर केला. मधला मार्ग का निघाला नाही? त्यात आजाराचा वाटा किती आणि मूळच्या हट्टी स्वभावाचा किती, यावर इतिहासकार अजून भांडतात.

हेच भांडण आपल्याकडच्या कितीतरी घरांत चालू असते. अंगावरून वारे गेलेले वडील चार महिन्यांत काठी टेकत चालू लागतात, स्वतःच्या हाताने जेवू लागतात, आणि पाहुणे म्हणतात, “चला, बरे झाले!” घरातल्यांना मात्र काहीतरी खटकत असते. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस विजेचे बिल दोनदा भरतो. सकाळी अंघोळीला उठवावे लागते. नातवाच्या शाळेच्या कार्यक्रमात ढसाढसा रडतो आणि का रडलो ते सांगता येत नाही. मग एक जण म्हणतो, “वय झालं.” दुसरा म्हणतो, “मुद्दाम करतात, सवय लागलीय सेवेची.” तिसरा म्हणतो, “मनाला लावून घेतलंय.” तिघेही प्रेमानेच बोलत असतात, आणि बहुतेक वेळा तिघांनाही कोणी खरे काय ते सांगितलेले नसते.

पक्षाघातानंतर बुद्धीवर आणि मनःस्थितीवर होणारे परिणाम, आणि ते कोणाला होण्याची शक्यता अधिक, हा या पुस्तकाचा विषय आहे. हातापायांची कमजोरी दिसते, म्हणून तिच्यावर उपचार होतात. स्मरण, लक्ष, नियोजन, उत्साह, आशा यांना झालेली इजा दिसत नाही. ती विचारावी लागते. कोणाला, कधी आणि काय विचारायचे, हे धोक्याच्या घटकांची यादी सांगते. तिचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

प्रथम आवाका पाहू. जगभरातल्या अभ्यासांची एकत्रित मांडणी केली तर पक्षाघातानंतरच्या पाच वर्षांत, कोणत्याही टप्प्यावर पाहिले तरी, साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य असते. डेन्मार्कमध्ये दीड लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या दोन वर्षांत त्यांतल्या सुमारे २५ टक्के लोकांत नैराश्याची नोंद झाली. पक्षाघात न झालेल्यांत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होते. त्यातही निम्म्याहून अधिक रुग्णांचे नैराश्य पहिल्या तीन महिन्यांतले होते, म्हणजे घरचे सगळे फिजिओथेरपीच्या मागे धावत असतात त्याच काळातले. स्मृतिभ्रंशाचे गणित ऑक्सफर्डच्या सारा पेंडलबरी आणि पीटर रॉथवेल यांनी २००९मध्ये मांडले. पहिला पक्षाघात झालेल्या दहांपैकी सुमारे एकाला स्मृतिभ्रंश आधीपासूनच होता. आणखी एकाला तो पहिल्या झटक्यानंतर लवकरच जडला. झटका पुन्हा आलेल्यांमध्ये मात्र हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेले. स्मृतिभ्रंशाच्या व्याख्येपर्यंत न पोहोचणाऱ्या, पण दुकान चालवायला, गाडी चालवायला, घरखर्च सांभाळायला आड येणाऱ्या त्रुटी असलेले लोक याहून कितीतरी अधिक आहेत.

या धोक्यांचे तीन थर करता येतात: झटक्याच्या आधीचा मेंदू, झटक्याने केलेली इजा, आणि झटक्यानंतरचे आयुष्य. पुस्तकाची रचनाही याच क्रमाने केली आहे.

पहिला थर सर्वांत कमी तपासला जातो. रुग्णालयात दाखल होणारा मेंदू कोरा नसतो. विल्सन यांचेच पाहा. १८९६मध्ये त्यांचा उजवा हात कमजोर झाला होता, १९०६मध्ये डाव्या डोळ्याची दृष्टी अचानक अधू झाली होती, आणि रक्तदाबाचा विकार होताच. १९१९चा झटका अशा जमिनीवर आला. आज एमआरआयमध्ये अशी जमीन दिसते: मेंदूच्या पांढऱ्या भागात बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराने पडलेले डाग, कधी कळलेच नाहीत असे जुने छोटे झटके, काही भागांचे आकसणे. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब आणि मधुमेह हे डाग वाढवत राहतात. वय हा मोठा घटक आहेच. शिवाय वयाबरोबर मेंदूत अल्झायमरचे बदलही साचत असतात, आणि दोन्ही एकत्र आले की तोल जातो. अमेरिकेतल्या कॅथलिक जोगिणींनी मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनाला दिला, तो ‘नन स्टडी’ प्रसिद्ध आहे. डेव्हिड स्नोडन यांनी १९९७मध्ये त्यातला एक निष्कर्ष मांडला. मेंदूत अल्झायमरचे बदल असलेल्या जोगिणींपैकी ज्यांच्या मेंदूत खोलवर छोट्या गुठळ्यांच्या जखमाही होत्या, त्यांच्यात जिवंतपणी स्मृतिभ्रंश दिसण्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते. म्हणून पक्षाघाताच्या रुग्णाच्या नातेवाइकांना विचारण्याचा पहिला प्रश्न हा, की झटक्याच्या आधी सहा महिने, वर्षभर, विसरणे वाढले होते का? रस्ता चुकणे, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे, व्यवहारात गोंधळ? घरचे क्षणभर थांबतात आणि मग म्हणतात, “हो, तसं होतं खरं.”

याच थरात एक दिलासा देणारी बाजू आहे. शिक्षण, वाचन, बुद्धीला काम देणारा व्यवसाय, माणसांत वावर यांनी मेंदूची राखीव क्षमता वाढते. तेवढ्याच इजेने तेवढेच नुकसान होत नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या ६०८ पक्षाघात रुग्णांचा अभ्यास सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांची बौद्धिक क्षमता झटक्यानंतर शाबूत होती. एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. बाजारात एक, कचेरीत दुसरी आणि घरात तिसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या समाजाला हा निष्कर्ष जवळचा वाटेल. तो एका रुग्णालयातला निरीक्षणात्मक अभ्यास आहे, हे ध्यानात ठेवूनच त्याच्याकडे पाहावे.

मनःस्थितीच्या बाबतीत पहिल्या थरातला सर्वांत भरवशाचा संकेत म्हणजे पूर्वी येऊन गेलेले नैराश्य किंवा चिंतेचा विकार. आणि नेमकी हीच माहिती लपवली जाते. मुलीचे लग्न व्हायचे आहे, सुनेसमोर कसे सांगायचे, पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट कशाला उकरायची, अशा कारणांनी गोळ्यांची जुनी चिठ्ठी कपाटातच राहते.

दुसरा थर इजेचा. येथे पहिला नियम साधा आहे: झटका जितका तीव्र, तितका धोका मोठा. ऑक्सफर्डच्या लोकसमूहावर झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र झटक्यानंतर वर्षभरात ३४ टक्के रुग्णांना स्मृतिभ्रंश झाला, सौम्य झटक्यानंतर सुमारे ८ टक्क्यांना, आणि काही मिनिटांत किंवा तासांत ओसरलेल्या तात्पुरत्या झटक्यानंतर सुमारे ५ टक्क्यांना.

पण आकार हेच सर्वस्व नाही. मनमाडला रूळ उखडला तर नुकसान शंभर फुटांचेच असते, पण गाड्या नाशिकपासून नांदेडपर्यंत अडकतात. थॅलॅमस हा मेंदूतला असाच सांधा आहे. तिथली वाटाण्याएवढी इजा स्मरण, जागरूकता आणि पुढाकार एकदम बिघडवू शकते, आणि हातापायांत मात्र फारसे काही दिसत नाही. २०२१मध्ये बारा अभ्यासगटांतल्या २,९५० रुग्णांच्या स्कॅनवरून इजांचा नकाशा तयार झाला. डावा थॅलॅमस, मेंदूच्या डाव्या बाजूचे पुढचे आणि कानशिलाजवळचे भाग, आणि उजव्या बाजूचा पराएटल भाग या ठिकाणच्या इजांनंतर बौद्धिक त्रुटींची शक्यता सर्वाधिक आढळली. रिपोर्टमध्ये ‘लहान’ असे लिहिले म्हणून निर्धास्त होता येत नाही, ते यामुळे.

नैराश्याचाही असा पत्ता असेल काय? १९८०च्या दशकात रॉबर्ट रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी तसे सुचवले होते: डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा झाली की नैराश्य अधिक. कल्पना आकर्षक होती, पाठ्यपुस्तकांतही गेली. पण २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या व्यापक आढाव्यात उपलब्ध पुराव्यांतून तिला आधार मिळाला नाही. या प्रकरणाला मी पुस्तकात बरीच जागा दिली आहे, कारण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. नैराश्याचे भाकीत करताना स्कॅनपेक्षा माणूस अधिक सांगतो: त्याला किती परावलंबन आले, त्याची वाचा गेली का, त्याला पूर्वी नैराश्य होते का, त्याच्याजवळ कोण आहे.

रुग्णालयातले दिवसही याच थरात येतात. पक्षाघाताने दाखल झालेल्या साधारण चौघांतल्या एका रुग्णाला पहिल्या दिवसांत भ्रम होतो. रात्री आरडाओरडा, सलाईन ओढून काढणे, मुलाला न ओळखणे. सकाळी पुन्हा शांत. घरचे म्हणतात वात झाला. चार दिवसांत ते ओसरते आणि सगळे विसरून जातात. विसरू नये. ज्यांना असा भ्रम झाला, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त आढळते. त्या रात्रीची नोंद डिस्चार्जच्या कागदावर हवी.

तिसरा थर घरी सुरू होतो, आणि आपल्या हातात सर्वांत अधिक आहे तो हाच. बुद्धीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दुसरा झटका. पेंडलबरी-रॉथवेल यांचे आकडे पुन्हा आठवावेत. ‘प्रोग्रेस’ नावाच्या चाचणीत सहा हजारांहून अधिक रुग्णांना रक्तदाब उतरवणारी औषधे किंवा नुसती दिसायला तशीच गोळी देऊन सुमारे चार वर्षे पाहिले गेले. एकूण स्मृतिभ्रंशात ठाम फरक पडला नाही. पण नव्या झटक्यासोबत येणारा स्मृतिभ्रंश सुमारे एक तृतीयांशाने घटला. बीपीची गोळी फक्त बीपीसाठी नसते, हे रुग्णाला या भाषेत कोणी सांगत नाही. सांगितले तर “आता बरं वाटतंय” म्हणून गोळी बंद करणाऱ्यांपैकी काही जण तरी थांबतील. हृदयाची अनियमित लय, साखर, तंबाखू, झोपेत श्वास अडखळणे यांचाही हिशेब याच थरात होतो.

मनःस्थितीचे धोके याच काळात एकमेकांत गुंततात. कमावता माणूस घरी बसतो. बाथरूमला जायला सुनेला हाक मारावी लागते. मित्र पहिला महिना येतात, नंतर फोन करतात, नंतर तेही थांबते. वाचाघात झालेल्याला दुःख सांगायलाच शब्द नसतात. त्याचे नैराश्य भूक, झोप आणि चेहऱ्यावरून ओळखावे लागते. नैराश्य आले की व्यायाम सुटतो, गोळ्या चुकतात, लक्ष आणखी ढासळते. अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळते.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, आणि पुस्तकाचा सर्वांत लांब भाग त्यावरच आहे. पक्षाघातानंतर गप्प बसलेला प्रत्येक माणूस निराश नसतो. साधारण तिघांतल्या एकाला औदासीन्य येते. त्याला दुःख नसते, अपराधी वाटत नसते. फक्त आतून ढकलणारे काही उरलेले नसते. ताट पुढे ठेवले तर तो जेवतो, नाही ठेवले तर मागत नाही. साधारण पाचांतल्या एकाला हसणे-रडणे आवरत नाही. टीव्हीवरच्या साध्या प्रसंगाने हुंदके येतात आणि मिनिटभरात थांबतात. या तिन्ही अवस्था एका माणसात एकत्रही असू शकतात, पण उपचार वेगवेगळे आहेत. औदासीन्य असलेल्या आजोबांना “मन घट्ट करा” हा उपदेश निरुपयोगी असतो; त्यांना ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कामाला, हाताला धरून सुरुवात करून द्यावी लागते. आणि नैराश्यामुळे मंदावलेले लक्ष उपचारांनी सुधारू शकते, म्हणून प्रत्येक विसराळूपणावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्याची घाई नको.

मग सर्वांनाच नैराश्याची गोळी आधीच का देऊ नये? ब्रिटनमधल्या ‘फोकस’ चाचणीत ३,१२७ रुग्णांना सहा महिने फ्लुओक्सेटिन किंवा नुसती दिसायला तशीच गोळी दिली गेली. नव्या नैराश्याचे प्रमाण १७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. पण हातापायांच्या आणि एकूण कामकाजाच्या सुधारणेत फरक पडला नाही, आणि हाडे मोडण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. लंगडत चालणाऱ्या माणसाला हा सौदा महाग पडतो. ज्याला गरज आहे त्याला औषध जरूर द्यावे. सरसकट सर्वांना देऊ नये. आणि गरज कोणाला, हे ठरवायला पुन्हा विचारपूसच करावी लागते.

आपल्याकडे या विचारपुशीच्या वाटेत दोन अडथळे आहेत. पहिला पोहोचण्याचा. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली. पक्षाघात हे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले, दर सात मृत्यूंमागे एक, आणि त्यांतले बहुसंख्य मृत्यू घरीच झालेले. जिथे झटका आलेला माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही, तिथे वाचलेल्याच्या स्मरणशक्तीची तपासणी फार दूर राहते. दुसरा अडथळा तपासणीच्या साधनांचा. प्रचलित चाचण्या घड्याळ काढायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. ज्या बाईने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, ती इथे नापास होते ती आजारामुळे की शाळेच्या अभावामुळे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच तयार केला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्या पहिल्या पाचांत नव्हती. म्हणून या पुस्तकात घरातल्या कामांवर आधारलेले प्रश्न दिले आहेत. पुरणपोळीचा क्रम चुकतो का? पुरण शिजत असताना कणीक भिजवायचे राहते का? पाचशेची नोट देऊन सुटे नीट मोजून घेता येतात का? एसटीचा फलक वाचून योग्य गाडीत चढता येते का? नियोजन, लक्ष आणि हिशेब यांची परीक्षा इथेही होते, आणि उत्तर द्यायला अक्षरओळख लागतेच असे नाही.

हा सगळा भार पेलायला आपण कुटुंबाकडे पाहतो. कुटुंब पेलतेही. पण त्याच्या मर्यादा मान्य करायला हव्यात. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर ‘अटेंड’ ही चाचणी झाली आणि २०१७मध्ये तिचे निष्कर्ष आले. नातेवाइकांना शिकवून घरीच पुनर्वसन करून घेतले, तरी सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही. माया कमी पडली असा याचा अर्थ नाही. प्रशिक्षित माणसांची जागा मायेने भरून निघत नाही, एवढाच आहे. शुश्रूषा करणारी व्यक्ती, बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी, स्वतःच खचली तर रुग्णाचाही धोका वाढतो. तिच्यासाठी वेगळे प्रकरण आहे. रुग्णाबद्दलच्या प्रकरणांआधी तेच वाचले तरी चालेल.

हे पुस्तक रुग्णांच्या घरच्यांसाठी, फॅमिली डॉक्टरांसाठी, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि आशा कार्यकर्त्यांसाठी आहे. ते वाचून कोणी घरच्या घरी निदान करू नये. धोक्याचा घटक म्हणजे भविष्य नव्हे. वय जास्त, शिक्षण कमी, थॅलॅमसमध्ये इजा असे सगळे असूनही एखादी आजी वर्षभराने पुन्हा भिशी चालवू लागते. आणि चाळिशीतला पदवीधर सौम्य झटक्यानंतर नोकरी टिकवू शकत नाही. टक्केवारी समूहाची असते, समोर बसलेल्या माणसाची नसते. पण दहा रुग्णांपैकी कोणाला आधी भेटायचे, हे ठरवायला तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. रुग्णालयातून घरी निघताना डिस्चार्जच्या कागदावर चार ओळी लिहून मागा: झटक्याच्या आधी स्मरण कसे होते, पूर्वी कधी नैराश्य आले होते का, रुग्णालयात भ्रम झाला होता का, आणि तीन महिन्यांनी स्मरण व मनःस्थितीच्या तपासणीसाठी कोणत्या तारखेला, कोणाकडे यायचे. मधल्या काळात रुग्ण “जगून काय उपयोग” असे म्हणू लागला तर त्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. पहिल्या तीन ओळी घरच्यांनीच सांगायच्या आहेत, चौथी डॉक्टरांनी लिहायची आहे. या चार ओळी मागायला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. त्या का मागायच्या आणि उत्तरे आल्यावर काय करायचे, ते पुढच्या पानांत आहे.